बिनपगारी पाच वर्षं

पेपर उघडला की आठवड्यातून एकदा तरी ती बातमी दिसतेच. अमुक तलाठी निलंबित, तमुक फौजदार निलंबित. आपण वाचतो, बरं झालं म्हणतो आणि खेळाचं पान काढतो. निलंबन म्हणजे नेमकं काय, हे मला कॉलेजच्या ऑफिसमधल्या एका काकांनी एकदा चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं. नोकरी जात नाही, फक्त काम काढून घेतात. चौकशी होईपर्यंत साधारण अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता मिळतो. तेवढ्यात दुसरीकडे नोकरी धरता येत नाही, विचारल्याशिवाय गाव सोडता येत नाही. माणूस धड आत नाही आणि धड बाहेर नाही! आपल्याकडे कायद्याच्या भाषेत ही शिक्षासुद्धा नाही, चौकशी संपेपर्यंतची नुसती तात्पुरती सोय आहे.

पण एका माणसाला हीच गोष्ट शिक्षा म्हणून मिळाली होती. तीही एकदोन महिने नाही, चांगली पाच वर्षं, आणि भत्ताबित्ता काही नाही. हुद्दा, अधिकार, काम, पगार सगळं बंद. तो माणूस युद्धातून पदकं घेऊन आलेला सेनाधिकारी होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने वरिष्ठांबद्दल वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून जे बोलायचं नाही ते बोलून टाकलं होतं.

त्याचं नाव विल्यम मिचेल. सगळं जग त्याला बिली मिचेल म्हणतं. दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत किंवा कॉम्प्युटर गेममध्ये ज्यांनी बी-२५ मिचेल हे बाँबर विमान पाहिलंय, त्यांना नाव ओळखीचं वाटेल. ते विमान याच्याच नावाचं.

मिचेल जन्मला २९ डिसेंबर १८७९ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात. आईवडील अमेरिकन, तेव्हा तिकडे राहत होते एवढंच. घर मिलवॉकीचं, विस्कॉन्सिन राज्यातलं. आजोबा अलेक्झांडर मिचेल म्हणजे बँकेचे आणि रेल्वेचे मालक. वडील पुढे अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. थोडक्यात, पोरगं तोंडात सोन्याचा चमचा घेऊन आलेलं. ही श्रीमंती लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध सुरू झालं तेव्हा हा अठरा वर्षांचा होता आणि वॉशिंग्टनला कॉलेजात शिकत होता. कॉलेज सोडून सरळ साधा शिपाई म्हणून भरती झाला. वडिलांचं वजन असल्यामुळे लवकरच सिग्नल कोअरमध्ये अधिकारी झाला हे खरं, पण पुढचं जे केलं ते स्वतःच्या अंगच्या हुशारीवर. फिलिपाइन्समध्ये काम केलं आणि १९०१ मध्ये त्याला अलास्कात पाठवलं गेलं.

अलास्काची गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या लाइनीतली आहे. तिथे शेकडो मैल तारायंत्राची लाइन टाकायची होती आणि काम रखडलं होतं. सगळे उन्हाळ्यात काम करत आणि हिवाळ्यात बर्फ पडला की शेगडीशी बसून राहत. मिचेलने जाऊन पाहिलं तर उन्हाळ्यात जमीन म्हणजे नुसता चिखल, दलदल आणि डास. सामान वाहणारी जनावरं रुतून बसायची आणि आपलं ओझं पुढे नेण्यातच त्यांचा जीव जायचा. हिवाळ्यात मात्र तीच जमीन आणि त्याच नद्या गोठून पक्क्या सडकेसारख्या व्हायच्या. त्याने वेळापत्रकच उलटं केलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत घसरगाड्यांवरून तार, इन्सुलेटर, रसद असं सगळं सामान जागच्या जागी नेऊन ठेवायचं आणि उन्हाळ्यात जमीन वितळली की खड्डे खणून खांब उभे करायचे. १९०३ पर्यंत लाइन पुरी झाली. बाकी सगळे जिथे अडचण बघत होते तिथे त्याने रस्ता बघितला. आणि इतक्या वर्षांत हे तुम्हाला कसं सुचलं नाही, असं वरिष्ठांना सुनवायची सवयही बहुतेक तिथूनच लागली असावी!

१९०३ मध्येच राइट बंधूंनी विमान उडवलं. १९०८ मध्ये ऑर्व्हिल राइटने सैन्यापुढे विमानाचं प्रात्यक्षिक केलं ते मिचेलने डोळ्यांनी पाहिलं. पण तो स्वतः उडायला शिकला १९१६ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी. सैन्याच्या हिशेबाने वयही जास्त आणि हुद्दाही जास्त, तेव्हा सरकारी खर्चाने शिक्षण मिळणं शक्य नव्हतं. त्याने न्यूपोर्ट न्यूज इथल्या कर्टिस कंपनीच्या शाळेत स्वतःच्या खिशातून फी भरली आणि सुटीच्या दिवशी जाऊन शिकला.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मिचेल त्याआधीच युरोपच्या वाटेवर होता. पॅरिसला पोचल्यावर तो ब्रिटिश आणि फ्रेंच वैमानिकांमध्ये मिसळला. ब्रिटिशांचे ह्यू ट्रेंचर्ड यांच्याकडून त्याने विमानाचा वापर टेहळणीपलीकडे कसा करायचा ते शिकून घेतलं. सप्टेंबर १९१८ मध्ये सँ मियेलच्या लढाईत त्याच्या हाताखाली अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन अशी मिळून जवळजवळ १५०० विमानं होती. तोपर्यंत एका लढाईसाठी एवढी विमानं कधीच एकत्र आली नव्हती. युद्ध संपलं तेव्हा तो ब्रिगेडियर जनरल होता, छातीवर पदकांची रांग होती आणि डोक्यात एकच विचार पक्का बसला होता. पुढचं युद्ध आकाशात ठरणार, आणि त्यासाठी भूदल व नौदल यांच्यापासून वेगळं असं स्वतंत्र हवाई दल पाहिजे.

आता शांततेच्या काळात असं बोलणं म्हणजे पोळ्यावर दगड मारणं. बजेट कमी झालेलं. नौदलाला मोठमोठ्या युद्धनौका बांधायच्या होत्या. आणि हा माणूस सभांमध्ये, वर्तमानपत्रांत, संसदेच्या समित्यांपुढे सांगत सुटला की एका युद्धनौकेच्या किमतीत हजार बाँबर विमानं होतील आणि त्यातली थोडी विमानं ती युद्धनौका बुडवून टाकतील. नौदलवाले भडकले. विमानाने बाँब टाकून युद्धनौका बुडते हे तेव्हा कुणाला खरंच वाटत नव्हतं. तशी विमानं आली तर त्या नौकेच्या डेकवर आपण बोडक्या डोक्याने उभं राहू, असं तेव्हाच्या नौदलमंत्र्यांनी म्हटल्याची गोष्ट सांगतात.

शेवटी १९२१ च्या उन्हाळ्यात परीक्षा घ्यायचं ठरलं. महायुद्धात हरलेल्या जर्मनीकडून मिळालेल्या नौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरून ठेवल्या. जुलैमध्ये आधी एक विनाशिका बुडाली, मग फ्रँकफुर्ट नावाची क्रूझर बुडाली. हे ठीक होतं, लहान जहाजं बुडणारच. खरी परीक्षा ऑस्टफ्रीसलंड या युद्धनौकेची होती. वीस हजार टनांहून जड, जाड चिलखताची, आतून असंख्य जलरोधक कप्प्यांमध्ये विभागलेली. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत तिला सुरुंग लागला होता तरी ती तरंगत घरी पोचली होती.

मिचेलची युक्ती इथे बघण्यासारखी आहे. त्याने आपल्या वैमानिकांना नौकेवर नेम धरू नका, तिच्या बाजूला पाण्यात बाँब टाका असं शिकवलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला जे जागे होते त्यांना कारण लगेच कळेल. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवेत स्फोट झाला तर धक्का पसरून विरतो. पाण्याखाली झाला तर तो घणासारखा जहाजाच्या अंगावर जाऊन आदळतो. आणि चिलखत असतं ते वर, तोफगोळे येतात तिथे. पाण्याखालचं पोट त्या मानाने मऊ. पत्रे फाटतात, रिव्हेट उडतात, सांधे उसवतात. त्यासाठी २००० पौंडांचे बाँब खास घाईघाईने बनवून घेतले होते.

२० जुलैला छोटे बाँब टाकून झाले. नौका ठाकठीक. २१ तारखेला सकाळी १००० पौंडांचे टाकले. नौका जखमी, पण तरंगती. दुपारी बाराच्या पुढे २००० पौंडांचे सहा बाँब पडले. पहिला पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ऑस्टफ्रीसलंड उलटी होऊन तळाला गेली. बघ्यांच्या जहाजावर अमेरिकेचे मंत्री, सेनापती, खासदार होते, परदेशी पाहुणे होते, त्यात जपानचेही होते. काही नौदल अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात.

यावर नौदलाचं म्हणणं असं, की नौका एका जागी उभी होती, तिच्यावर माणूस नव्हता, तोफा नव्हत्या, गळती थांबवायला कुणी नव्हतं. शिवाय ठरल्याप्रमाणे मधे मधे थांबून आम्हाला नौका तपासायची होती, ते या गृहस्थाने नीट होऊच दिलं नाही. खरं सांगायचं तर नौदलाचे हे मुद्दे बिनबुडाचे नव्हते. प्रयोगाचे नियम मिचेलने ताणले होतेच. प्रॅक्टिकलला रीडिंग हवं तसं यावं म्हणून आपण जे करतो त्याच्याच जवळपासचं काहीतरी! पण बुडणार नाही म्हणत होते ती बुडाली, हे सगळ्या जगाने पाहिलं होतं.

मिचेलला वाटलं आता जिंकलो. प्रत्यक्षात काहीच हललं नाही. अहवालांवर अहवाल आले आणि फायलीत गेले. त्याचं पहिलं लग्नही या धामधुमीत मोडलं. १९२३ मध्ये त्याने एलिझाबेथ मिलर यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि वरिष्ठांनी त्याला प्रशांत महासागर आणि आशियाच्या लांबलचक पाहणी दौऱ्यावर धाडून दिलं. मधुचंद्र आणि सरकारी काम एकात. हवाई, फिलिपाइन्स, जावा, सयाम, चीन, जपान असं फिरताना ही जोडी आपल्या भारतातही येऊन गेली. इथे केलेल्या वाघाच्या शिकारीवर त्याने १९२४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकमध्ये लेखही लिहिला.

परत आल्यावर त्याने तीनशेहून जास्त पानांचा अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की जपानशी युद्ध होणार, त्याची सुरुवात हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरवर अचानक हवाई हल्ल्याने होणार, सकाळी साडेसातच्या सुमाराला, आणि पाठोपाठ फिलिपाइन्समधल्या विमानतळावर दुसरा हल्ला होणार. साल १९२४! पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना. फिलिपाइन्सवर त्याच दिवशी. हे वाचून अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट त्याची साफ चुकली. विमानवाहू जहाजांवर त्याचा विश्वास नव्हता, त्याला वाटत होतं हल्ला बेटांवरच्या तळांवरून होईल. जपानी आले ते विमानवाहू जहाजांवरूनच. द्रष्टेपणाच्या गोष्टी सांगताना ही बाजू बहुतेक जण गाळतात.

तोपर्यंत वरिष्ठांचा संयम संपला होता. हवाई सेवेचा उपप्रमुख म्हणून त्याची मुदत १९२५ च्या वसंतात संपली, ती वाढवली नाही. ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा त्या जागेला चिकटलेला होता, तो गेला आणि तो पुन्हा कर्नल झाला. बदली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला. म्हणजे आपल्याकडे गडचिरोलीला टाकतात तसं.

मग सप्टेंबर आला. नौदलाचं एक समुद्री विमान सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईला निघालेलं, ते वाटेत इंधन संपून समुद्रात उतरलं आणि बेपत्ता झालं. पाठोपाठ ३ सप्टेंबरला शेनँडोआ हे नौदलाचं अजस्र हवाई जहाज ओहायो राज्यावर वादळात सापडून तुकडे तुकडे झालं. ४३ जणांपैकी १४ मेले, त्यात कप्तान झॅकरी लॅन्सडाउन. ते जहाज कुठल्या लढाईला चाललं नव्हतं. गावोगावच्या जत्रांवरून उडून लोकांना दर्शन द्यायचं, करदात्यांना खूश करायचं, असा तो दौरा होता. लॅन्सडाउन स्वतः ओहायोचा. या दिवसांत तिकडे वादळं होतात, जायला नको, असं त्याने आधी कळवलं होतं.

मिचेलने दोन दिवस घेतले. ५ सप्टेंबरला पत्रकारांना बोलावलं आणि सुमारे सहा हजार शब्दांचं लेखी निवेदन हातात ठेवलं. हे अपघात म्हणजे युद्धखात्याच्या आणि नौदलखात्याच्या नालायकीचं, गुन्हेगारी हलगर्जीपणाचं फळ आहे आणि त्यांचा कारभार जवळजवळ देशद्रोहापर्यंत पोचला आहे, असा त्याचा आशय होता. विमानाचा व भाषणाचा अनुभव असलेला माणूस, भावनेच्या भरात बोलून गेला असं म्हणायची सोय त्याने ठेवलीच नाही. काय होणार ते त्याला माहीत होतं. तेच त्याला हवं होतं.

गंमत अशी की ते बेपत्ता विमान पाच दिवसांनी सापडलं, सगळे जिवंत! त्या पठ्ठ्यांनी पंखांवरचं कापड फाडून शीड केलं होतं आणि विमान होडीसारखं हाकत शेकडो मैल हवाईच्या बेटांपर्यंत आणलं होतं. जुगाड हा शब्द आपल्याच मालकीचा नाही.

राष्ट्राध्यक्ष तेव्हा कॅल्व्हिन कूलिज. मुलखाचा कमी बोलणारा आणि काटकसरी माणूस. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला होता. ११०० हून जास्त पोलीस कामावर गेले नाहीत, आणि त्यातल्या एकालाही परत घेतलं गेलं नाही. लोकांच्या सुरक्षिततेच्या विरोधात कुणालाच संप करता येणार नाही, या कूलिज यांच्या भूमिकेने ते देशभर गाजले आणि तिथूनच वर चढले. सरकारी नोकराच्या शिस्तीबद्दल त्यांचं मत काय असणार हे वेगळं सांगायला नको. त्यांच्याच आदेशाने मिचेलवर कोर्टमार्शल बसलं.

खटला २८ ऑक्टोबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये एका जुन्या गोदामवजा इमारतीत सुरू झाला. न्यायाधीश म्हणून जनरल मंडळी बसली, त्यात वैमानिक एकही नाही. मिचेलच्या बाजूने आक्षेप घेऊन तिघांना उठवलं गेलं, त्यात खुद्द अध्यक्ष होते. राहिलेल्यांत सर्वांत तरुण होता डग्लस मॅकआर्थर, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजला तोच. त्याचंही घराणं मिलवॉकीचं. त्याच्या वडिलांच्या हाताखाली मिचेल फिलिपाइन्समध्ये होता. आता मित्राच्या डोळ्याला डोळा न देता समोर बसायचं.

आरोप युद्धसंहितेच्या ९६ व्या कलमाखाली होता. हे कलम म्हणजे सर्वसमावेशक पोतं. बाकी कशातच न बसणारी पण शिस्तीला बाधा आणणारी, सैन्याची बदनामी करणारी कुठलीही वागणूक त्यात बसवता येते. मिचेलचे वकील होते इलिनॉयचे खासदार फ्रँक रीड. त्यांचा डाव सरळ होता. मिचेल बोलला की नाही हा प्रश्नच नाही, तो बोलला. जे बोलला ते खरं आहे की नाही हे बघा. आणि मग साक्षीदारांची रांग लागली. महायुद्धात सर्वांत जास्त विमानं पाडणारा अमेरिकन वैमानिक एडी रिकनबॅकर आला. हॅप अर्नोल्ड, कार्ल स्पॅट्झ हे तरुण अधिकारी आले. नोकरीत असताना वरिष्ठांविरुद्ध साक्ष देणं म्हणजे काय, हे ज्याने कधी लेखी तक्रारीवर सही केलीय त्यालाच कळेल. लॅन्सडाउनच्या विधवा पत्नी आल्या आणि नौदलाच्या चौकशीत काय सांगायचं हे आपल्याला शिकवायचा प्रयत्न झाला, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. रोज गर्दी, रोज पहिल्या पानावर बातम्या.

पण उलटतपासणीत मिचेलचीही दमछाक झाली. त्याच्या निवेदनातले काही आकडे आणि काही आरोप टिकले नाहीत. कुठे ऐकीव गोष्ट, कुठे अतिशयोक्ती. सात आठवडे हे चाललं. शेवटी कोर्टाने धरलं ते एवढंच, की त्याचे आरोप खरे होते की खोटे हा मुद्दाच नाही. अधिकाऱ्याने असं जाहीर बोलावं का, एवढाच प्रश्न. त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं.

१७ डिसेंबर १९२५. सगळ्या आठ कलमी आरोपांत दोषी. शिक्षा, पाच वर्षांसाठी हुद्दा, अधिकार आणि काम यांवरून निलंबन आणि या काळातला सगळा पगार व भत्ते जप्त. महायुद्धातली कामगिरी लक्षात घेऊन आम्ही सौम्य शिक्षा देत आहोत, असंही कोर्टाने नोंदवलं.

सौम्य! मी यावर बराच विचार केला. बडतर्फ केलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा झाला असता, कुठेही नोकरी केली असती, वाटेल ते लिहिलं असतं. इथे तसं नाही. गणवेश कायम, नियम कायम, तोंड बंद कायम, फक्त चूल पेटायची बंद. मतदान गुप्त होतं. मॅकआर्थरने शिक्षेच्या विरोधात मत दिलं असं सांगतात, त्यानेही म्हातारपणी आठवणींत लिहिताना या कामाबद्दल मनापासून नाराजीच दाखवली. पण तेव्हा तो गप्प राहिला.

निकाल कूलिज यांच्याकडे मंजुरीला गेला. जानेवारी १९२६ मध्ये त्यांनी शिक्षा कायम ठेवली, फक्त पूर्ण बिनपगारी ऐवजी अर्धा पगार आणि भत्ते द्यायचे असा बदल केला. म्हणजे आमच्या ऑफिसमधल्या काकांनी सांगितलेल्या निर्वाह भत्त्याच्या जवळपास आलं की नाही प्रकरण! मिचेलने अर्धा पगार घेतला नाही. त्याने राजीनामा दिला आणि १ फेब्रुवारी १९२६ पासून तो सैन्यातून बाहेर पडला. २८ वर्षांची नोकरी संपली.

इथे ती आजोबांची बँक आठवा. मिचेल शूर होता यात वाद नाही, पण राजीनामा दिल्यावर त्याच्याकडे व्हर्जिनियात शेतवाडी होती, घोडे होते, घरचं होतं. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाने याच जागी काय केलं असतं? त्याचं उत्तर हॅप अर्नोल्डकडे आहे. खटल्यात साक्ष दिल्यावर अर्नोल्ड गप्प बसला नाही. मिचेलच्या मतांचा प्रचार करणारी पत्रकं सरकारी साधनं वापरून पाठवली म्हणून १९२६ मध्ये सापडला. राजीनामा दे नाहीतर तुझ्यावरही कोर्टमार्शल, असं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. त्याने राजीनामा दिला नाही. शेवटी कॅन्सस राज्यातल्या फोर्ट रायली या घोडदळाच्या ठाण्यावर त्याची रवानगी झाली. विमानवाला माणूस घोड्यांच्या तबेल्यात! तो तिथे गेला, पडेल ते काम केलं, अपमान गिळला, वाट पाहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सगळ्या हवाई सेनेचा प्रमुख तोच होता. मिचेलचं स्वप्न प्रत्यक्षात आणलं ते नोकरी टिकवून धरणाऱ्याने. दोघांपैकी कोण बरोबर यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत वाद झाला. निकाल लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.

राजीनाम्यानंतर मिचेल दहा वर्षं जगला. गावोगाव भाषणं केली, लेख लिहिले, पुस्तकं लिहिली. सुरुवातीला गर्दी व्हायची, मग कमी होत गेली. तेच तेच किती ऐकणार? १९२६ मध्ये कायदा होऊन हवाई सेवेची एअर कोअर झाली, नाव बदललं, स्वतंत्र दल काही झालं नाही. १९३२ मध्ये रूझवेल्ट निवडून आले तेव्हा त्याला वाटलं होतं आता आपल्याला बोलावतील. बोलावणं आलं नाही. १९ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो वारला, वय ५६. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला जागा मिळू शकत होती, पण त्याने मिलवॉकीलाच पुरावं असं ठरवून ठेवलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. तीन दिवसांनी जपानी विमानांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका मलायाजवळ भर समुद्रात बुडवल्या. त्या उभ्या नव्हत्या, चालत्या होत्या, तोफाही चालू होत्या. एप्रिल १९४२ मध्ये टोकियोवर पहिला अमेरिकन हवाई हल्ला झाला तो १६ बी-२५ मिचेल विमानांचा. ती विमानं उडाली मात्र हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून, ज्या जातीच्या जहाजांना तो मोडीत काढत होता! १९४६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिलं. १८ सप्टेंबर १९४७ ला स्वतंत्र हवाई दल झालं. १९५५ मध्ये गॅरी कूपरला घेऊन त्या खटल्यावर सिनेमाही आला.

मग १९५७ मध्ये त्याच्या मुलाने अर्ज केला. सगळं जग म्हणतं वडील बरोबर होते, तर तो निकाल रद्द करा. हवाई दलाच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने शिफारस केली की रद्द करावा. फाइल हवाई दलाचे मंत्री जेम्स डग्लस यांच्या टेबलावर आली. ज्या हवाई दलासाठी मिचेल भांडला त्याच हवाई दलाचे मंत्री. मार्च १९५८ मध्ये त्यांनी अर्ज फेटाळला. विमानांबद्दल मिचेल बरोबर ठरला हे त्यांनी मान्य केलं, त्याची नोकरी अशी संपली याचं वाईट वाटतं हेही म्हटलं. पण त्या दिवशी खटल्यात जो प्रश्न होता तो विमानांचा नव्हताच, आणि त्या प्रश्नात तो दोषी होता. निकाल रद्द झाला नाही.